पंखा बंद, डबा बंद

९ जानेवारी

वन्सं,

तिकडे सगळे बरे असाल असं धरून चालते आणि सरळ मुद्द्यावर येते. टिटवीला घरी घेऊन जा.

वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. मागच्या उन्हाळ्यात मीच म्हटलं होतं, पाठवा तुमच्या लेकीला, माझ्याबरोबर बुटांच्या कारखान्यात लागेल, मामाच्या घरी राहील. दाजींनी शेठकडे शब्द टाकला आणि ती लागलीही. आता मीच म्हणते घेऊन जा. पण पोरगी मला जड झालेली नाही हो. तुमचे भाऊ ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असतात, तिची अखंड टकळी नसती तर हे घर मला खायला उठलं असतं. काळजी वेगळीच आहे. फोनवर बोलायचं तर शेजारी जावं लागतं, आणि मी रिसीव्हर उचलला की ती माणसं टीव्हीचा आवाज बारीक करतात. म्हणून लिहिते.

गेले काही दिवस पोरगी अडखळते. सपाट जमिनीवर. आधी आम्ही दोघी हसलो, मग ती कारखान्याच्या जिन्यावरून पडली आणि गुडघे फोडून घेतले. परवा सकाळी कामावर जाताना कोपऱ्यापर्यंत गेलो, बघते तर तिच्या एका पायात चप्पल नाही. कुठेतरी मागे गळून पडली होती. "मामी, मला वाटलं आहे पायात," म्हणाली. तेव्हापासून रस्त्यानं मी तिच्या पायांकडे बघत चालते.

तुम्ही आमची चिकटवायची खोली पाहिलेली नाही. लांब टेबलं, प्रत्येकीपुढे सोल्युशनचा उघडा डबा आणि ब्रश. पायाच्या आकाराच्या फर्म्यावर ताणलेला बूट येतो, त्याच्या कडेला सोल्युशन लावायचं, तळव्याला लावायचं, थोडं सुकलं की दाबून धरायचं. हाताला लागलेलं थिनरच्या फडक्यानं पुसायचं. खिडक्या फळ्या ठोकून बंद केल्यात, कारण वारा लागला की सोल्युशनवर साय धरते आणि धूळ बसते. दुपारपर्यंत डोकं हलकं होतं, संध्याकाळी अन्नावर वासना राहत नाही. नवीन बाई आली की पहिले दोन दिवस उगाचच हसत असते. टिटवी सगळ्यात आतल्या कोपऱ्यात बसते, नवीन म्हणून.

मला वाटतं त्या वासाचंच काहीतरी आहे. दाजी शेठचं दुकान सांभाळतात, शेठ त्यांचं ऐकतात. निदान खिडक्या तरी उघडा म्हणावं. आणि तोवर पोरीला घेऊन जा.

तुमची,
वहिनी


१७ जानेवारी

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा विश्वासच बसेना. वीस वर्षांची घोडी, तिला आपली चप्पल कुठे पडली ते कळत नाही? मग तिचं लक्ष कुठे आहे ते तू बघायचं सोडून मला खिडक्या कसल्या सांगतेस? स्पष्टच विचारते, कोणी मुलगा आहे का? असेल तर कोण, काय करतो, आणि तुझ्या नजरेखाली हे झालंच कसं?

आणि राग मानू नकोस, पण ती जेवते का नीट? तुझा हात आखडता आहे असं मी म्हणत नाही. फक्त दुधात पाणी घालताना तो जरा सढळ होतो, हे आपल्या सगळ्या घराला माहीत आहे.

ह्यांच्याशी बोलले. म्हणाले, खिडक्या उघडल्या तर माल वाया जातो, त्यात न कळण्यासारखं काय आहे? बायका इतकी वर्षं तिथे बसतायत, कोणाला काही झालं नाही, आपलीच तेवढी नाजूक का? खरं सांगू, मला पुढे बोलता आलं नाही. खाली दुकान शेठचं, वर आमची राहती खोली शेठची. ज्याच्या छपराखाली झोपायचं त्याच्याकडे जाऊन ह्यांनी खिडकीचं गाऱ्हाणं घालायचं? तू म्हणशील ही घाबरट. असेन.

तिला रक्तवाढीच्या गोळ्या दे, लवकर झोपव, आणि परत पाठवायचं मनातून काढून टाक. इथे येऊन ती काय करणार, दिवसभर माझं डोकं खाईल.

ही चप्पल तरी नवीन होती का गं? मी पाठवलेली नसेल ना?

टिटवीची आई


४ फेब्रुवारी

वन्सं,

मुलगा नाही. विचारलं. "मामी, असता तर तुला सांगितल्याशिवाय मला झोप लागली असती का?" म्हणाली, आणि ते खरंच आहे, तिच्या पोटात काही राहतच नाही. दूधही आता निर्भेळ देते, तुमच्या समाधानासाठी.

कारखान्यात येणाऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "अशक्तपणा. बायकांना असतोच." टॉनिक दिलं. ते संपेपर्यंत पोरीला चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायला लागला. तेव्हा मी खाडा केला आणि तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले.

तिथे एक डॉक्टरीणबाई आहेत, माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी टिटवीला टेबलावर बसवलं. "डोळे मीट. टोचलं की हो म्हण." टिटवीनं डोळे मिटले. बाईंनी टाचणी घेतली आणि अंगठ्याला टोचली. मग चवड्याला. मग टाचेला. मी बघत होते, वन्सं. टाचणी रुतत होती आणि तुमची लेक गप्प बसली होती. ती, जी झोपेतही बोलते. बाई घोट्यापर्यंत आल्या तेव्हा ती डोळे न उघडता म्हणाली, "डॉक्टर, सुरू करा ना. किती वेळ डोळे मिटून बसू?"

बाईंनी टाचणी खाली ठेवली आणि विचारलं, "काम काय करतेस?"

इतक्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. काय खातेस विचारलं, झोप येते का विचारलं, लग्न झालंय का विचारलं. टिटवीनं सांगितलं. बाईंनी तिचा हात उचलून नाकाशी नेला आणि वास घेतला. म्हणाल्या, सोल्युशनच्या वाफेनं नसा मरत चालल्यात. आधी पाय जातात, मग हात. आजच काम थांबवा. थांबवलं तरी अजून काही आठवडे वाढत जाईल, तेव्हा घाबरू नका, मग हळूहळू उतरेल. वर्ष लागेल, कदाचित जास्त. "आणि नाही थांबवलं तर?" मी विचारलं. त्यांनी कागदावर 'काम बंद' लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

तर पोरीचं काम मी त्याच दिवशी बंद केलं. घरी बसून आहे. मी जाते कामावर, मला काही त्रास नाही. आता तरी दाजींना शेठशी बोलायला सांगा. तिथे अजून वीसेक बायका बसल्या आहेत.

तुमची,
वहिनी

ता. क. आई, मी टिटवी. मामी पाकीट बंद करायला डिंक आणायला गेली आहे तेवढ्यात लिहिते. तिला काही त्रास नाही हे साफ खोटं. डॉक्टरांनी तिलाही चप्पल काढायला लावली. तिलाही टाचणी कळली नाही. अक्षर घाणेरडं आलंय, पेन नीट धरता येत नाही, रागावू नकोस.


११ फेब्रुवारी

वहिनी,

पत्र आलं तेव्हा घरात एकटीच होते. वाचून झाल्यावर शिवणाच्या डब्यातून टाचणी काढली आणि माझ्याच पायाला टोचून बघितली. इतकं दुखलं! रक्त आलं. मला फार बरं वाटलं, आणि मग मी तिथेच फरशीवर बसून रडले.

मी काय काय लिहिलं होतं तुला. जाऊ दे.

हे शेठना भेटून आले. शेठ म्हणाले, पोरीचं औषधपाणी मी बघतो, तिच्या मामीचंही बघतो. दोघींनी शांतपणे घरी बसावं. पण गाजावाजा नको, दवाखान्याचे कागद इकडे तिकडे फिरायला नकोत आणि बाकीच्या बायकांच्या डोक्यात काही भरवू नका. सध्या मोठी मागणी आहे, माल वेळेत गेला पाहिजे.

मला वाटतं हो म्हण. मला माहीत आहे तू नाक मुरडशील. पण आपली दोन माणसं वाचतायत, वहिनी. बाकीच्यांना त्यांची त्यांची माणसं आहेत. तू कोणाकोणाचं बघणार? मी येत्या रविवारी येऊन पोरीला घेऊन जाते.

आणखी एक. शेठनी ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं म्हणे. दुकानात मागच्या खेपेला आलेल्या बुटांचे तळवे सुटायला लागलेत, गिऱ्हाइकं हातात बूट घेऊन येतात. बायका मुद्दाम काम बिघडवतात असं शेठचं म्हणणं. तसं काही करत असाल तर ते बरं नाही हो.

टिटवीची आई


२५ फेब्रुवारी

वन्सं,

नाही.

आधी तळव्यांचं सांगते. तळवा चिकटवताना कडेवरून बोट फिरवायचं असतं, कुठे फट राहिली ते बोटाला कळतं. ज्या बाईच्या बोटांना स्वतःचं बोट कळत नाही तिला फट कशी कळणार? आम्ही काही बिघडवत नाही. आम्हीच बिघडलोय. हे शेठना सांगा. दाजींना सांगवत नसेल तर तुम्ही सांगा.

माझ्या पायांचं मी लपवलं. तुम्ही घाबराल म्हणून, आणि कोणी "तूही घरी बस" म्हणेल म्हणून. झालं ते झालं.

आता भट्टीवालीचं ऐका. खोलीच्या दाराशी तळवे गरम करायची भट्टी आहे, कपाटाएवढी. ती चालवणारी म्हणून तिला सगळ्या भट्टीवाली म्हणतात. तीन लेकरांची आई, आमच्यात सगळ्यात जुनी. गेल्या सोमवारी ती तळवे काढता काढता शेजारणीशी बोलत होती. मध्येच थांबून म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." तिचाच हात जळत होता. तळहात भट्टीच्या दाराला टेकला होता आणि तिला ते वासावरून कळलं.

इस्त्रीसाहेब धावत आले. आमचे सुपरवायझर, पॅंटची घडी कधी मोडत नाही म्हणून हे नाव. त्यांनी मलम लावलं, फडकं गुंडाळलं आणि म्हणाले, "चला, बसा आता जागेवर. माल अडलाय."

कोणी बसलं नाही. ठरवलेलं काही नव्हतं, वन्सं, शपथेवर सांगते. मी माझ्या टेबलाचं एक टोक उचललं. दुसरं टोक कोणी उचललं ते मी बघितलंसुद्धा नाही. टेबल दारातून आडवं करून काढावं लागलं, माझ्या हातून दोनदा निसटलं. आमच्या मागून दुसरं टेबल आलं, मग तिसरं. सगळी खोली आम्ही अंगणात आणून मांडली.

"हे काय चाललंय?" इस्त्रीसाहेब.

"काम."

"काम आत असतं!"

"आत हवा नाही. हवा जिथे आहे तिथे काम आणलंय."

"अहो, सोल्युशनवर साय धरेल!"

"साय काढता येते, साहेब. भट्टीवालीचा हात काढून नवीन लावता येतो का?"

तेवढ्यात टिटवी माझं जेवण घेऊन आली. भिंतीला धरत धरत. घरी बैस म्हटलं की ती बसणार थोडीच. तिला स्टुलावर बसवलं. आणि पाठोपाठ शेठची गाडी आत आली. शेठ ओरडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "ज्यांना जमत नाही त्यांनी जावं. बाहेर कामाला माणसं रांग लावून उभी आहेत."

तर तुमची लेक स्टुलावरून म्हणते, "बोलवा ना त्यांना. आधी त्यांना माझी चाल दाखवते."

उठली आणि चालायला लागली. आता तिचे पाय कसे पडतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. चवडा उचलत नाही, गुडघा वर घेऊन पाऊल आपटावं लागतं. फट, फट, फट. अंगणाच्या मध्यावर पडली. मी पुढे झाले तर हातानंच "थांब" म्हणाली. उठली आणि शेठच्या गाडीपर्यंत गेली. गाडीला टेकून उभी राहिली. शेठनी तिच्याकडे बघितलं नाही. गाडीला लागलेला तिचा हात बघितला, आणि आत निघून गेले.

संध्याकाळी फाटकाला कुलूप लागलं. आता आम्ही रोज सकाळी फाटकाबाहेर जाऊन बसतो. डॉक्टरीणबाईंनी कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी साहेबांना सगळं लिहून पाठवलंय, सही शिक्क्यानिशी. गाजावाजा नको म्हणाले ना शेठ? त्यांना म्हणावं, आता कुठे सुरू झालाय.

रविवारी तुम्ही आला नाहीत. टिटवी म्हणते बरं झालं, ती तुमच्याबरोबर आलीच नसती. आणि तुम्ही लिहिलंत, बाकीच्यांना त्यांची माणसं आहेत. वन्सं, रोज सकाळी फाटकापाशी माझी वेणी ह्याच बायकांपैकी कोणीतरी घालते, कारण पाठीमागचे पेड माझ्या बोटांना आता कळत नाहीत. त्या माझी माणसं नाहीत तर कोण आहेत?

रागावलात तरी चालेल.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

रागावलेच होते. इतक्या वर्षांत तू मला उलट शब्द बोलली नव्हतीस आणि एकदम "नाही"! रविवारी निघाले नाही तीही तुझं हो येण्याची वाट बघत, आणि आलं हे. पत्र फडताळात वर टाकलं. रात्र गेली, दुसरा दिवस गेला, मग काढून परत वाचलं. टिटवी चालत गेली ते वाचलं. पडल्यावर तिनं तुला थांब म्हटलं ते वाचलं. हा हट्टीपणा कोणाचा ते मला विचारायला नको.

पुढे घडलं ते असं. हे खालून वर आले आणि म्हणाले, "शेठ म्हणतात तू जा आणि वहिनीला समजाव. तुझं ती ऐकते."

मी म्हटलं, "जाते की. आधी डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा हो."

मिटले. बिचाऱ्यांना वाटलं असेल काही गोड खायला देते. मी टाचणी घेतली आणि अंगठ्यात चांगली रुतवली. असे बोंबलले की समोरच्या बाईनं खिडकी उघडली.

"लागलं?" मी विचारलं.

"लागणारच! वेड लागलंय का तुला?"

"तुमच्या लेकीला लागत नाही."

वहिनी, लग्न झाल्यापासून मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आवाज नाही, काही नाही, अंगठा हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, "दुकान जाईल. ही खोली जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. बोलून गेले खरी, पण मग खोलीभर नजर फिरवत बसले. इथेच टिटवी रांगायला शिकली.

सकाळी मी ह्यांच्या आधी उठले, खाली गेले, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोवून पायरीवर बसले. गिऱ्हाइकं यायला लागली. दुकान का बंद? प्रत्येकाला सांगितलं. हे बूट ज्या खोलीत चिकटवतात तिथे खिडकी नाही, माझ्या पोरीचे पाय गेलेत, बसा, सविस्तर सांगते. तुला माहीतच आहे मी सांगायला लागले की थांबत नाही. पोरगी ह्या बाबतीतही कोणावर गेली ते विचारू नकोस. सुटलेले तळवे घेऊन आलेले दोघे तर माझ्याच शेजारी बसून पुढच्यांना सांगायला लागले.

दुपारी शेठचा फोन. हे वरती बोलत होते, खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं. "शेठ, शटरची किल्ली बायकोकडे आहे." मग, "काढून घेऊ? शेठ, लग्न झाल्यापासून मला तिच्याकडून काही काढून घेता आलेलं नाही. तुम्ही येऊन बघा."

फोन ठेवून खाली आले आणि माझ्या शेजारी पायरीवर बसले. एवढंच. पण बसले.

खोली महिनाअखेर रिकामी करायला सांगितली आहे. बघू कुठे जायचं ते. तू मागे हटलीस तर मात्र माझ्याशी गाठ आहे.

तुझी,
वन्सं


८ एप्रिल

वन्सं,

पत्र फाटकाबाहेर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दाजींच्या अंगठ्यापाशी आले तेव्हा दोघीतिघींना हसून ठसका लागला. भट्टीवाली म्हणाली, ह्या बाईला इकडे बोलवा, शेठना डोळे मिटायला लावू.

आता ऐका. तपासणीचे साहेब आले. तोवर शेठनी खिडक्यांच्या फळ्या काढून ठेवल्या होत्या, फरशी धुतली होती, एक टेबलफॅनही कुठून तरी आणला होता. साहेब आत फिरले आणि म्हणाले, "हवा तर खेळती आहे." मी म्हटलं, "साहेब, एक विनंती आहे. रोजच्यासारखं करून दाखवतो." आम्ही फळ्या होत्या तशा लावल्या, डबे उघडले, ब्रश घेऊन बसलो आणि साहेबांना टिटवीच्या जागेवर बसवलं. चहाही दिला. चहा अर्धा झाला तेव्हा ते रुमालानं डोळे पुसत होते. संपायच्या आधी उठले. दारात टेकून उभे राहिले आणि शेठना म्हणाले, "ह्या बायका इथे दिवसभर बसतात?"

"सवय आहे त्यांना," इस्त्रीसाहेब म्हणाले. शेठनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की पॅंटची घडी मोडली असती.

खोली बंद करायचा हुकूम तिथेच निघाला, जोपर्यंत वास ओढणारे पंखे बसत नाहीत तोपर्यंत. मागणी डोक्यावर, माल नाही, आणि तुमच्या पायरीवरची बातमी शेठच्या इतर दुकानांपर्यंत गेलेली. मग बोलणं झालं. सगळ्या बाजूंनी ओढून ताणून झालेलं आहे, पण झालं. प्रत्येक टेबलावरचा वास ओढणारा पंखा. हलक्या मालाला पाण्यात कालवायचं सोल्युशन, ज्याला वास नाही. जाड तळव्यांना जुनंच लागतं, पण ते काम पाळीपाळीनं, सतत कोणाला नाही. थिनरनं हात पुसणं बंद. आमच्या प्रकृतीची तपासणी डॉक्टरीणबाईंकडे, खुर्चीतल्या डॉक्टरांकडे नाही. ज्या आजारी आहेत त्यांचा पगार आणि औषधं कारखान्याकडून, आणि हे उपकार म्हणून नाही, हक्क म्हणून लिहून घेतलंय.

शेवटी शेठ म्हणाले, सगळ्यांना घेतो, ही सोडून. ही म्हणजे मी. सगळ्या उठून उभ्या राहिल्या. पाय धड नाहीत, कोणी भिंतीला धरून, कोणी शेजारणीला धरून, पण उभ्या. शेठनी मला घेतलं. आता मी खोके भरायच्या खात्यात आहे, सोल्युशनपासून लांब.

सगळं चांगलं झालं असं नाही. भट्टीवालीची दोन बोटं वाकत नाहीत. टिटवीचं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी वाढलं, आता थांबलंय. काठी घेऊन चालते. आणि तुमचं घर गेलं, ते माझ्या मनातून जात नाही.

तुमचीच,
वहिनी


२ सप्टेंबर

आई,

नवीन पत्ता पहिल्यांदाच लिहिते आहे, चुकला असेल तर पोस्टमनला दोष दे. बाबांना नवीन दुकानात करमतं का? मामी सांगत होती, तिथला मालक त्यांना "तुमची बायको कधी शटर ओढेल सांगता येत नाही" असं चिडवतो. छानच.

अक्षर बघ. सुधारलंय ना? काल डाव्या अंगठ्याला टाचणी कळली. उजव्याला अजून नाही. मी इतकी ओरडले की डॉक्टरांनी टाचणीच टाकली हातातली.

मी परत कामावर जाते हे मामीनं सांगितलं असेल. चिकटवत नाही, घाबरू नकोस. माझं काम सगळ्यांच्या आधी खोलीत जायचं. प्रत्येक टेबलावर आता पत्र्याचं मोठं तोंड आहे, एक मोठा पंखा त्या सगळ्यांतून वास ओढून नळीनं छपरावर सोडतो. मी कागदाची पट्टी घेऊन प्रत्येक तोंडापाशी धरते. पट्टी आत ओढली गेली की ते टेबल सुरू. लोंबत राहिली तर नाही. पंखा बंद, डबा बंद. हा नियम बायकांनीच केलाय आणि तो पाळायला मला बसवलंय. गप्प बसणारी बाई ह्या कामाला चालणार नव्हती म्हणे.

तर आज सकाळी काय झालं! मी पट्टी धरली तर लोंबतेच. दुसऱ्या टेबलावर गेले, तिथेही तेच. मोठा पंखाच बंद. इस्त्रीसाहेब आले. "दुपारी येतो दुरुस्तीला माणूस. तोवर खिडक्या उघड्या आहेत ना? करा सुरू." एका नवीन मुलीनं घाबरून डबा उघडला. मी म्हटलं, झाकण लाव.

"तू कोण सांगणार?" साहेब म्हणाले.

"माझ्या जागेवर तपासणीचे साहेब बसले होते, ती मी."

मग मी खुर्ची ओढून दारात बसले आणि काठी चौकटीला आडवी लावली. मागे वळून बघितलं नाही, आई. फक्त झाकणं लागल्याचे आवाज ऐकले. एकामागून एक, शेवटच्या टेबलापर्यंत. मग कोणीतरी गाणं म्हणायला लागलं, भसाड्या आवाजात, ती भट्टीवाली असणार.

थोड्या वेळानं शेठ स्वतः आले. माझ्यासमोर उभे राहिले. ह्या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं मला भीती वाटेल, पण मला फक्त नाक खाजवावंसं वाटत होतं.

"ऊठ," म्हणाले.

मी म्हटलं, "शेठ, उठायला मला फार वेळ लागतो. तोवर पंखेवाला येईल."

शेठ वळले आणि ऑफिसात गेले, आणि तिथून त्यांचा आवाज अंगणापर्यंत आला, फोनवर कोणाला तरी म्हणत होते, दुपारी नाही, आत्ता.

माणूस आला. पट्टा तुटला होता, त्यानं नवीन बसवला. पंखा घरघरला. मी पट्टी मागितली, तर नवीन मुलगीच ती घेऊन प्रत्येक तोंडापाशी गेली आणि प्रत्येक वेळी मला वर करून दाखवली. सगळीकडे आत ओढली जात होती.

मग मी काठी काढली आणि उठायला लागले. खरंच वेळ लागला. एक पाय, मग खुर्चीच्या दांडीला हात, मग दुसरा पाय. सगळ्या बायका डब्याला हात न लावता माझ्याकडे बघत थांबल्या होत्या. उभी राहिले आणि म्हटलं, "उघडा."

तुझी,
टिटवी